कंपनीने सोडलेला डाव

संग्राह्य पत्त्यांचा खेळ हे नाव मराठी वाचकाला नवे वाटले, तरी तो ज्या दोन गोष्टींच्या मेळातून जन्मला त्या दोन्ही महाराष्ट्राच्या जुन्या ओळखीच्या आहेत : पत्त्यांचा डाव आणि विज्ञानकथा. मेंढीकोट किंवा झब्बूमध्ये बावन्न पानांचा एकच कॅट सर्वांना सामाईक असतो आणि पिसून वाटल्यावर जे हाती येईल त्यावर भागवावे लागते. या खेळात मात्र शेकडो निरनिराळ्या पत्त्यांतून प्रत्येक खेळाडू आपला स्वतःचा जोड, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'डेक', घरीच बांधून आणतो, प्रत्येक पत्त्यावर त्या पत्त्यापुरता नियम छापलेला असतो आणि पहिले पान उतरण्यापूर्वीच निम्मी लढाई त्या निवडीत होऊन गेलेली असते. गणितात डॉक्टरेट मिळवलेले अमेरिकी खेळरचनाकार रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा या जातीचा पहिला खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. त्याचे पत्ते बंद पाकिटांत विकले जात, पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे हे कळत नसे, आणि एखादा दुर्मिळ पत्ता हवा असेल तर एक तर पाकिटांमागून पाकिटे घ्यावी लागत किंवा तो चढ्या भावाने दुसऱ्याकडून मिळवावा लागे. 'संग्राह्य' हे विशेषण या खेळांना चिकटले ते यामुळे, आणि ज्याच्या खिशात अधिक पैसा त्याचा डेक अधिक बळकट ही तक्रारही तेव्हापासूनची आहे.

विज्ञानकथा या खेळात लगोलग शिरली. डेसिफर या कंपनीने १९९४ मध्ये 'स्टार ट्रेक'चा आणि १९९५ मध्ये 'स्टार वॉर्स'चा पत्त्यांचा खेळ काढला, तर १९९६ मध्ये गारफिल्ड यांनीच 'नेटरनर' रचला. तो खेळ त्या वेळी फार काळ चालला नाही. परंतु २०१२ मध्ये अमेरिकेतील फँटसी फ्लाइट गेम्स या प्रकाशनाने लुकास लिट्झिंगर यांच्याकडून त्याची नवी रचना करून घेतली आणि तो 'अँड्रॉइड : नेटरनर' या नावाने पुन्हा आणला. या वेळी पाकिटातला आंधळेपणा काढून टाकला होता. प्रत्येक संचात कोणते पत्ते आहेत हे आधीच जाहीर असे आणि संच घेणाऱ्या प्रत्येकाला तेच पत्ते मिळत. विज्ञानकथेवरच्या पत्त्यांच्या खेळाची ऑनलाइन स्पर्धा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतून कशी खेळता येईल, याचा विचार करताना हाच खेळ समोर ठेवणे योग्य ठरते. कारण त्याचा गाभा अव्वल दर्जाचा आहे, आणि त्याच्या प्रकाशक कंपनीने त्याला सोडून दिल्यानंतर खेळाडूंनी जे केले ते या विषयातले सर्वांत मोलाचे उदाहरण आहे.

नेटरनरमध्ये दोघे समोरासमोर बसतात, पण दोघांचे खेळ एकसारखे नसतात. एक जण भविष्यातील बलाढ्य कॉर्पोरेशन असतो आणि दुसरा त्या कॉर्पोरेशनच्या संगणकजाळ्यात घुसणारा 'रनर'. कॉर्पोरेशनच्या हातातली पाने म्हणजे तिचे मुख्यालय, पिसून ठेवलेला गठ्ठा म्हणजे तिचा संशोधन विभाग आणि टाकलेली पाने म्हणजे तिचे दप्तर. या तिन्ही ठिकाणी, शिवाय ती स्वतः उभारील त्या प्रत्येक सर्व्हरमध्ये, रनरला शिरता येते. कॉर्पोरेशन आपले बहुतेक पत्ते पालथे मांडते आणि त्यांच्यापुढे 'आइस' नावाच्या संरक्षक प्रणाली उभ्या करते, त्याही पालथ्याच. 'एजेंडा' म्हणजे कॉर्पोरेशनचे गुप्त प्रकल्प. ते पूर्ण करून सात गुण मिळवले की कॉर्पोरेशन जिंकते, आणि तेच प्रकल्प चोरून सात गुण जमवले की रनर जिंकतो. प्रत्येक खेळीत कॉर्पोरेशनला तीन कृती करता येतात, रनरला चार, आणि या कृतींना 'क्लिक' म्हणतात. पैसा 'क्रेडिट'मध्ये मोजला जातो आणि दोघेही पाच क्रेडिट व पाच पाने घेऊन सुरुवात करतात. रनरला इजा झाली की इजेच्या प्रत्येक अंकामागे हातातले एक पान टाकावे लागते, आणि टाकायला पानेच उरली नाहीत तर तो मरतो व डाव तिथेच संपतो.

या नियमांतून केवढी बौद्धिक झुंज उभी राहते हे एका प्रसंगावरून नीट कळते. नवशिक्यांसाठीच्या 'सिस्टम गेटवे' या संचात 'लाँजेव्हिटी सीरम' नावाचा एक एजेंडा आहे. तो पूर्ण करायला पाच वेळा पुढे सरकवावा लागतो, प्रत्येक वेळी एक क्लिक आणि एक क्रेडिट खर्च होते, आणि पूर्ण झाला की तीन गुण पदरात पडतात. त्याच संचात 'अर्टिका सायफर' नावाचा सापळा आहे; त्यालाही एजेंड्याप्रमाणेच पुढे सरकवता येते, आणि रनर त्याच्यापर्यंत पोहोचला तर दोन इजा होतातच, शिवाय सरकवल्याच्या प्रत्येक खुणेमागे आणखी एक. आता कॉर्पोरेशनने पहिल्या क्लिकला एक पालथा पत्ता आइसमागे ठेवला आणि उरलेल्या दोन क्लिकांत त्यावर दोन खुणा चढवल्या, एवढेच रनरला दिसते. तो पत्ता सीरम असेल तर पुढच्या खेळीतल्या तीन क्लिकांत तो पूर्ण होईल, म्हणून आत्ताच धाव घेतली पाहिजे; तो सायफर असेल तर धाव घेताच चार इजा होतील, आणि हातात तीनच पाने असलेला रनर जागीच संपेल. समोरच्याने आतापर्यंत किती एजेंडे दाखवले, त्याच्याकडे क्रेडिट किती, आपण या खेळीत किती पाने उचलू शकतो, आणि मुख्य म्हणजे असा डाव टाकणारा माणूस कसा विचार करतो, हे सगळे काही सेकंदांत तोलावे लागते. पत्त्यांच्या खेळातील नशिबाचा अंश इथे आहेच, पण तो निर्णयाला जागा करून देण्यापुरता आहे, निर्णयाची जागा घेण्यापुरता नाही.

फँटसी फ्लाइटचा हा खेळ परवान्यावर चालत होता, आणि २०१८ च्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर त्याची विक्री थांबेल. एरवी अशा घोषणेनंतर खेळ मरतो : नवे पत्ते येत नाहीत, जुने डाव पाठ होतात, स्पर्धा भरवणारा कोणी उरत नाही. इथे खेळाडूंनीच 'निसेई' नावाचा स्वयंसेवी गट उभा केला, जो २०२२ पासून 'नल सिग्नल गेम्स' या नावाने ओळखला जातो. पत्त्यांची रचना करणारे, प्रत्येक पत्त्याची शेकडो डावांत परीक्षा घेणारे, चित्रकार, नियमांची भाषा घासूनपुसून घेणारे आणि स्पर्धा चालवणारे, असा सगळा संसार त्यांनी स्वतः मांडला. २०१९ मध्ये त्यांच्या नव्या पत्त्यांचा पहिला संच आला, २०२१ मध्ये उपरोक्त 'सिस्टम गेटवे' आला, आणि त्यानंतर नव्या पत्त्यांची मालिका खंडित झालेली नाही. हे पत्ते विकत मिळतात, परंतु त्यांच्या छापण्याजोग्या प्रती ते विनामूल्यही देतात आणि घरी छापलेले पत्ते स्पर्धेतही चालवून घेतात. याआधी 'स्टार वॉर्स'चा परवाना २००१ च्या अखेरीस डेसिफरच्या हातून गेला आणि २००७ मध्ये 'स्टार ट्रेक'चे पत्ते थांबले, तेव्हाही त्या खेळांच्या चाहत्यांनी समित्या स्थापून ते चालू ठेवले. नेटरनरच्या खेळाडूंपुढे तो कित्ता होता.

या घटनेचे महत्त्व दुसऱ्या एका खेळाशेजारी ठेवले की अधिक उठून दिसते. ब्लिझार्ड कंपनीचा 'हार्थस्टोन' हा केवळ डिजिटल स्वरूपात खेळला जाणारा संग्राह्य पत्त्यांचा खेळ विज्ञानकथेचा नसून अद्भुतकथेचा आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-क्रीडा प्रात्यक्षिक म्हणून समाविष्ट झाल्या तेव्हा हार्थस्टोनमध्ये गुजरातच्या तीर्थ मेहता यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. पुढच्या, हांगझोऊ येथील स्पर्धेत ई-क्रीडांना प्रत्यक्ष पदकाचा दर्जा मिळाला आणि हार्थस्टोनचाही समावेश ठरला होता. परंतु ब्लिझार्ड आणि चीनमधील नेटईझ या कंपनीमधला करार जानेवारी २०२३ मध्ये संपुष्टात आला, चीनमध्ये हा खेळ बंद पडला आणि स्पर्धेच्या यादीतून तो वगळला गेला. ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे सराव केला त्या खेळाडूंचा या व्यवहारात कुठेही संबंध नव्हता. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली तेव्हा वाळूज परिसरात रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांपासून बजाजनगरच्या वसाहतींपर्यंत ज्यांच्या मोबाइलमध्ये तो खेळ होता त्यांनाही हाच धडा मिळाला. खेळ ज्याच्या सर्व्हरवर असतो तो त्याच्या मर्जीने चालतो किंवा थांबतो. नेटरनरचे पत्ते कागदावर आहेत, त्याचे नियम खेळाडूंच्या हाती आहेत, आणि तो ज्या 'जिंतेकी डॉट नेट' या संकेतस्थळावर ऑनलाइन खेळला जातो त्याची संगणकीय संहितासुद्धा सर्वांना खुली आहे.

ऑनलाइन स्पर्धेची घडण बुद्धिबळ खेळणाऱ्यांना लगेच ओळखू येईल. प्रत्येक स्पर्धकाला कॉर्पोरेशनचा एक आणि रनरचा एक असे दोन डेक तयार ठेवावे लागतात आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी त्यांची यादी संयोजकांकडे द्यावी लागते, म्हणजे मध्येच पत्ते बदलता येत नाहीत. डेकमध्ये सामान्यतः किमान ४५ पत्ते लागतात आणि एकाच पत्त्याच्या तीनहून अधिक प्रती चालत नाहीत. पुढे स्विस पद्धतीच्या फेऱ्या होतात, म्हणजे हरलेला बाहेर पडत नाही, तर प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांच्या जोड्या लावल्या जातात. त्यातून वर आलेल्या थोड्या खेळाडूंची अंतिम टप्प्यात दुहेरी बाद पद्धतीने लढत होते, जिच्यात दोनदा हरल्याशिवाय कोणी बाद होत नाही. एका फेरीला साधारण चाळीस मिनिटे लागतात. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रत्यक्ष भेटी अशक्य झाल्या तेव्हा या खेळाची जागतिक स्पर्धाच ऑनलाइन भरवावी लागली, आणि जिथे दुकान नाही, क्लब नाही, जोडीदारही नाही अशा गावांतील खेळाडूंना त्या निमित्ताने दार उघडे झाले. खेळी आळीपाळीने होत असल्याने भारी मोबाइलची किंवा वेगवान जोडणीची गरज नाही. साधा लॅपटॉप आणि मोबाइलचा डेटा एवढ्यावर काम भागते.

वाळूजच्या खेळाडूची खरी अडचण साधनांची नसून वेळेची आहे. छत्रपती संभाजीनगरपासून पुण्याच्या रस्त्यावर वसलेली ही औद्योगिक वसाहत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून वाढत गेली, आणि आज तिथल्या घराघरांचे घड्याळ पाळ्यांवर चालते. युरोपात उन्हाळ्यातील एखाद्या शनिवारी सकाळी दहाला सुरू होणारी स्पर्धा इथे दुपारी दीडला सुरू होते. सहा फेऱ्या धरल्या तर संध्याकाळी सहा-सातपर्यंत ती चालते, आणि रात्रपाळीला जाणाऱ्याला ती नीट साधते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच वेळी सुरू होणारी स्पर्धा मात्र इथे संध्याकाळी साडेसातला उघडते आणि अंतिम टप्प्यात पोहोचणाऱ्याला मध्यरात्र उलटून जागावे लागते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असलेल्याने तिच्यात उतरणे शहाणपणाचे नाही. थकलेल्या डोळ्यांनी सहाव्या फेरीत क्रेडिट मोजणारा खेळाडू पहिल्या फेरीत न केलेल्या चुका करतो. त्यामुळे स्पर्धेची तयारी म्हणजे नुसता डेक बांधणे नव्हे, तर झोप, जेवण आणि घरच्यांशी आधी ठरवून घेतलेला वेळ हीही तयारीच होय. ज्यांची साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारी येत नाही त्यांच्यासाठी भारतीय वेळेनुसार चालणाऱ्या छोट्या स्पर्धा, चार फेऱ्यांच्या आणि एका संध्याकाळी संपणाऱ्या, हाच व्यवहार्य उपाय आहे.

पडद्यावर खेळताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि ज्या खेळात थाप ओळखणे हेच कौशल्य आहे त्यात ही मोठी उणीव वाटू शकते. अनुभवी खेळाडू तिची भरपाई वेळेच्या निरीक्षणाने करतात. रनर एखाद्या पालथ्या आइसपाशी आला की तो उलटायचा की नाही हे कॉर्पोरेशनला ठरवावे लागते. उत्तर तत्काळ आले तर तो आइस उलटण्याइतके पैसे नाहीत किंवा त्याचा विचार आधीच झाला आहे, आणि उत्तर रेंगाळले तर पत्ता महत्त्वाचा आहे, असा तर्क बांधता येतो. म्हणून मुरलेला खेळाडू प्रत्येक निर्णयाला सारखाच वेळ घेण्याची सवय लावून घेतो. ही सवय सरावानेच अंगी बाणते.

पत्ते म्हटले की मराठी घरात जुगाराची शंका येते, आणि गेल्या काही वर्षांत मोबाइलवरील पैशांच्या खेळांनी कामगारवस्त्यांतील कुटुंबांना जो फटका दिला तो पाहता ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही. कायद्याने मात्र फरक केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि पाने राखणे-टाकणे यात कसब लागते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पुढचे पाऊल टाकले : पैसे लावून मोबदल्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ई-क्रीडा आणि करमणुकीचे ऑनलाइन खेळ मात्र यातून वेगळे. नेटरनरच्या स्पर्धांत डाव लावला जात नाही. विजेत्याला निराळ्या चित्रांचे पत्ते किंवा खेळताना अंथरायची चटई असे बक्षीस मिळते. मुलगा किंवा मुलगी रात्री पडद्यासमोर पत्ते खेळते आहे असे दिसल्यास पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा की यात पैसे भरावे लागतात का आणि परत मिळण्याची आशा दाखवली जाते का.

कल्पित विश्व पत्त्यांवर उतरवण्याची कला महाराष्ट्राला परकी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात, लाखेचे रोगण दिलेली आणि हाताने रंगवलेली. दिवसा डाव मांडला तर रामाच्या पानाने उतारी होते आणि रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि निम्म्यांत एक्का वरचढ, त्यामुळे खेळणाऱ्याला कोणते पान पडले हे तर लक्षात ठेवावे लागतेच, शिवाय त्या रंगातली चढउतारही ध्यानात ठेवावी लागते. ही कला मरणपंथाला लागली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा उभे केले. अवतारकथा ठाऊक असलेल्या समाजाने त्या कथांतून खेळ घडवला. विज्ञानकथा वाचणाऱ्या समाजाने तसेच करणे हे त्या परंपरेला धरूनच होईल.

भविष्यातील भारत नेटरनरमध्ये आधीच येऊन गेला आहे. २०१५-१६ मध्ये फँटसी फ्लाइटने 'मुंबाड' नावाची सहा संचांची मालिका काढली. मुंबाड हे त्यातील भारतीय महानगर, आणि त्या संचांपैकी दोहोंची नावे 'काळा घोडा' आणि 'साल्सेट आयलंड', म्हणजे आपली साष्टी. 'मुंबा टेंपल', 'साल्सेट स्लम्स', 'रावण १.०', 'विक्रम १.०' असे पत्ते त्यात आहेत. 'म्युझियम ऑफ हिस्टरी' या पत्त्याने टाकलेली पाने पुन्हा गठ्ठ्यात मिसळता येत, त्यामुळे त्या काळी डाव लांबत गेले आणि स्पर्धेची वेळ पुरेनाशी झाली. प्रचलित स्पर्धाप्रकारातून हे पत्ते आता बाद झाले आहेत. मुंबईच्या भविष्याचे हे चित्र मिनेसोटातल्या एका प्रकाशनाने रंगवले, आणि त्यांनी ते आपुलकीने रंगवले असले तरी ते काम मराठी माणसाच्या हातून व्हायला हवे होते असे वाटल्याशिवाय राहत नाही. सामर्थ्याची उणीव इथे नाही. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा जयंत नारळीकर यांची निघाली, आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी पुढे हा प्रवाह दिवाळी अंकांतून घरोघर पोहोचवला. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. त्यांच्या वाचकांची तिसरी पिढी आज पडद्यावर वाढते आहे, आणि तिला विज्ञानकथेकडे आणायचे तर छापील कथेच्या जोडीला खेळही हवा.

म्हणून दोन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले तातडीने होण्यासारखे आहे : वाळूज परिसरातील वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी नवशिक्यांच्या संचातील छापण्याजोगी पाने उतरवून घ्यावीत. ए-फोर कागदावर नऊ पत्ते बसतात, म्हणजे ४५ पत्त्यांचा डेक पाच कागदांत होतो आणि दोघांच्या डावाला दहा कागद पुरतात. आधी समोरासमोर बसून हात बसला की मग ऑनलाइन स्पर्धेत नाव नोंदवावे. दुसरे काम वेळ घेणारे आहे. नल सिग्नल गेम्सशी रीतसर बोलणे करून या पत्त्यांचे नियम मराठीत आणावेत, आणि त्या अभ्यासातून मराठी विज्ञानकथेवरचा स्वतंत्र खेळ रचावा. मराठी विज्ञान परिषदेच्या गावोगावच्या विभागांनी आणि या लेखाच्या वाचकांपैकी जे अभियंते, चित्रकार आणि लेखक आहेत त्यांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी विनंती आहे.